जुनी गाडी घेताना एअरबॅग कशी तपासावी

पुण्यात जुनी गाडी घेताना रंगाआधी एअरबॅग पाहावी. चालकासाठीची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, त्यामुळे गाडीच्या उत्पादनाचा महिना आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) वाचून घ्यावा. किल्ली फिरवताच डॅशबोर्डवरचा, बसलेल्या माणसापुढे गोल फुगा दाखवणारा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर बिघाड लपवण्यासाठी बंद केलेला असू शकतो, आणि ही फसवणूक जिवावर बेतणारी आहे. चालकाची एअरबॅग स्टिअरिंगच्या मधल्या आवरणामागे असते; ते उघडून पुन्हा बसवलेले नाही ना, हे कळण्यासाठी त्याच्या कडा बोटाने चाचपून पाहाव्यात. एअरबॅग पापणी लवण्याआधीच फुगते, म्हणून छाती स्टिअरिंगपासून किमान २५ सेंटीमीटर दूर असावी, पट्टा लावलेलाच असावा, आणि मागे तोंड असलेले बाळाचे आसन चालू एअरबॅगसमोर कधीही बसवू नये.