परदेशी शाळेत शिकवायला निघालात? शेंगाचटणी खोलीवरच ठेवा

सोलापूरहून स्वयंसेवक म्हणून बाहेरच्या शाळेत निघालात, की घरचे आधी शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून देतात. खुशाल न्या, पण चटणीचा डबा वर्गात उघडू नका. शेंगदाण्याची ॲलर्जी काही मुलांच्या जिवावर बेतते, म्हणून कितीतरी शाळांत दाण्याला बंदीच असते. त्यापेक्षा आपला सोलापुरी नॅपकिन न्या. त्याचा उंदीर करून तळहातावरून टुणकन उडवला की भाषा न येताही पोरं गोळा होतात. मग उंदराला त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते त्यांनाच विचारा आणि मुद्दाम थोडं चुकीचं म्हणा. मास्तर चुकला की वर्ग खूश!

कागदपत्रांचं मात्र दोन-तीन महिने आधी बघा. मुलांसोबत काम म्हटल्यावर बरेचदा पोलिसांचा दाखला मागतात. त्याचा अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर करता येतो. टुरिस्ट व्हिसावर बिनपगारी कामही सगळीकडे चालत नाही, वकिलातीला लेखी विचारा. पहिलीच खेप असेल तर नेपाळ बरा. आपल्याला व्हिसा लागत नाही, फळ्यावरची लिपीही देवनागरीच. फक्त घड्याळ 15 मिनिटं पुढे करा, नाहीतर पहिल्याच प्रार्थनेला उशीर.