पठाणी छुरा आणि पुलवार : जपताना या चुका टाळा

घरात जुनं पठाणी हत्यार, म्हणजे सरळ छुरा किंवा वाकडी पुलवार, असेल तर सगळ्यात आधी पॉलिश पेपर दूर ठेवा. काही पात्यांच्या पोलादात पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असते, तिला जौहर म्हणतात. गंज नव्हे, निव्वळ काळपटपणा दिसला म्हणून असं एक पुलवारीचं पातं घासून आरशासारखं लख्ख केलेलं मी पाहिलंय. लहरी दिसेनाशा झाल्या. मऊ कापडावर शिलाई मशीनचं तेल घेऊन हलकेच पुसा. तांबडा गंज सुटत नसेल तर जाणकाराला दाखवा.

दुसरी चूक म्हणजे सगळ्यालाच ‘तलवार’ म्हणणं. खैबरकडचा छुरा साधारणपणे सरळ, एकधारी आणि परज (मूठ आणि पात्यामधली, हात वाचवणारी आडवी पट्टी) नसलेला असतो. त्याच्या पाठीवरून बोट फिरवा, दोन्ही कडांना कंगोरे लागतात. पातं आडवं कापलं तर ‘टी’ अक्षर दिसेल, अशी ती घडण. धारेकडचं पोलाद पातळ ठेवूनही पातं लवत नाही, ते या जाड पाठीमुळे. पुलवार वाकडी असते. तिच्या परजेची टोकं पात्याकडे वळलेली, पुष्कळदा त्यांवर प्राण्यांची तोंडं कोरलेली, आणि मुठीच्या टोकाला पोकळ वाटी. आपल्याकडच्या तलवारीला तिथे चपटी तबकडी असते.

छुरा म्यानात घातला की मूठही जवळजवळ सगळी आत जाते. ‘म्यान दुसऱ्याच हत्याराचं दिसतंय’ म्हणून ते टाकून देऊ नका, ते तसंच असतं.

पुलवारीची मूठ हलायला लागली तर गरम पाण्यात बुडवू नका. आत पात्याचा दांडा राळेसारख्या लुकणानं धरलेला असतो, उष्णतेनं तो सुटतो. छुऱ्याची रचना वेगळी. त्याच्या दांड्यावर दोन्ही बाजूंनी हाडाच्या किंवा शिंगाच्या पट्ट्या रिव्हेटांनी ठोकलेल्या असतात. त्या भिजवल्या तर तडकतात.

विकणारा ‘१७६१ च्या पानिपतातली’ म्हणाला की आपल्या माणसाचा हात लगेच पाकिटाकडे जातो. थोडं थांबा. आज बाजारात दिसणारे बहुतेक छुरे १९व्या शतकातले आहेत. पात्यावर मशिदीचा छाप असेल तर ते काबूलच्या सरकारी कारखान्यातलं, म्हणजे पानिपतानंतर शंभरहून अधिक वर्षांनी घडलेलं असण्याची शक्यता मोठी.

आणि पावसाळ्यात पातं चामडी म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं, गंज तिथूनच सुरू होतो. पातं तेल लावून सुती कापडात गुंडाळा, म्यान शेजारी वेगळं ठेवा.