इस्पितळात वयस्कर माणूस अचानक बरळू लागला किंवा गप्प झाला: या चुका टाळा

डिलिरियमची, म्हणजे आजारपणात अचानक उडालेल्या मेंदूच्या गोंधळाची, मुख्य खूण कुठल्याही रक्ततपासणीत सापडत नाही. माणूस काल होता तसा आज नाही, हीच ती खूण. तो काल कसा होता, हे बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) किंवा मडगाव-म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात राउंडला आलेल्या डॉक्टरांना ठाऊक नसतं. ठाऊक असतं ते खाटेशेजारी बसलेल्या नातेवाइकाला. म्हणूनच या आजाराच्या ओळखीत सगळ्यात मोठा वाटा घरच्यांचा असतो, आणि सगळ्यात जास्त चुकाही तिथेच होतात.

जुनी माणसं याला 'वात झाला' म्हणत. मेंदूचं काम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत ढासळतं. लक्ष टिकत नाही, बोलणं तुटक होतं, दिवस-रात्रीचा हिशोब चुकतो. कारण मात्र बहुतेक वेळा मेंदूच्या बाहेर असतं: जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, एखादं औषध, दुखणं, तुंबलेली लघवी.

'शांत झोपलाय, उठवू नको'

ही सर्वांत घातक चूक. डिलिरियम म्हटलं की सलाइन उपटणारा, ओरडणारा रुग्ण डोळ्यांपुढे येतो. तो चटकन सगळ्यांच्या लक्षात येतो. खरा निसटतो तो दुसरा: दिवसभर डोळे मिटून पडलेला, पेजेचा घास तोंडात तसाच धरून ठेवणारा, हाक मारली की 'हूं' म्हणून पुन्हा गुंगीत जाणारा. तो कुणाला त्रास देत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी पाहतही नाही.

दुपारची वामकुक्षी आणि ही गुंगी वेगळी ओळखता येते. नावाने हाक मारा, खांद्याला हलकेच हात लावा. साध्या झोपेतून उठलेला माणूस दहा सेकंदांत भानावर येतो आणि तुमच्याकडे पाहून नीट बोलतो. गुंगीतला बोलता बोलता पुन्हा मिटतो. असं दिसलं तर राउंडची वाट पाहू नका, लगेच नर्सला सांगा.

'वय झालं, आता असंच व्हायचं'

विसरभोळेपणाचा आजार, म्हणजे डिमेन्शिया, महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो. डिलिरियम मंगळवारी नव्हता आणि बुधवारी आहे, अशा चालीने येतो. शिवाय तो दिवसात वर-खाली होतो: सकाळी आजोबा नीट बोलतात, सांज झाली की भिंतीवर माणसं दिसू लागतात. डॉक्टर नेमके सकाळी येतात आणि 'ठीक आहे' म्हणून जातात. त्यासाठी एक वही ठेवा. वेळ, जागे होते की गुंगीत, काय बोलले, किती खाल्लं, लघवी कधी झाली, शौचास कधी झालं. रात्रीचा सोबती बदलला की वही त्याच्या हाती जावी.

आधीपासून डिमेन्शिया असलेल्यांना तर डिलिरियमचा धोका जास्त. 'ते नेहमीच असं बोलतात' म्हणण्याआधी 'इतकं बोलतात का?' हे स्वतःला विचारा. मुलं परदेशी आणि घरी ठेवलेली बाई महिन्यापूर्वीची, अशी घरं गोव्यात कमी नाहीत. तिथे रुग्णाचा पूर्वीचा स्वभाव शेजाऱ्याला जास्त ठाऊक असतो. त्याला फोन करून विचारा.

चुकीच्या भाषेत घेतलेली परीक्षा

वॉर्डात चार गोष्टींवर आधारलेली '४ एटी' ही छोटी चाचणी करता येते: भान, चार साधे प्रश्न (वय, जन्मतारीख, ठिकाण, चालू वर्ष), वर्षाचे महिने उलटे म्हणणं आणि नव्याने झालेला बदल. गुण ४ किंवा जास्त भरले तर डिलिरियमची दाट शक्यता. बदल नव्याने झाला असेल तर त्या एकाच बाबीचे ४ गुण मिळतात. घरच्यांच्या माहितीचं वजन एवढं आहे.

अडचण भाषेची. पेडणे-सत्तरीतल्या आजीला हिंदीत किंवा इंग्रजीत 'डिसेंबरपासून मागे या' म्हटलं तर ती गप्पच बसणार. प्रश्न कोकणी-मराठीत विचारला जावा आणि दुभाषाचं काम तुम्ही करावं, पण उत्तर सुचवू नये. इंग्रजी महिने कधीच पाठ नसतील तर तसं डॉक्टरांना सांगा, ते आठवड्याचे वार उलटे म्हणवून घेऊन लक्षाचा अंदाज घेऊ शकतात. त्याआधी चष्मा चढवा आणि कानातलं यंत्र चालू आहे का ते बघा.

कारण न शोधता थांबणं

'ताप नाही, म्हणजे इन्फेक्शन नाही' हे वृद्धांच्या बाबतीत खरं नाही. न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्ग तापाशिवाय, निव्वळ बरळण्यातून प्रकट होऊ शकतो. डॉक्टरांना थेट विचारा: साखर पाहिली का? मधुमेहाची गोळी चालू आणि जेवण बंद, असं झालं की साखर ७० च्या खाली घसरू शकते. सोडियम पाहिलं का? ते १३५ ते १४५ असावं लागतं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी आणि त्यात उलट्या-जुलाब झाले तर ते उतरतं. ऑक्सिजन किती? लघवी तुंबलीय का? तीन दिवस शौचास झालं नाही, एवढंही कारण पुरतं.

मग औषधं. घरच्या सगळ्या गोळ्यांची पिशवी, खोकल्याच्या बाटलीसकट, इस्पितळात न्या. खाजेसाठी दिलेलं फेनिरामाइन, वारंवार लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठीचं अॅमिट्रिप्टिलिन, दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल ही नावं दिसली तर डॉक्टरांच्या नजरेस आणा. उलटही घडतं: वर्षानुवर्षं रात्री घेतलेली झोपेची गोळी अल्प्राझोलाम भरती झाल्यावर एकदम थांबते, आणि तिसऱ्या रात्री माणूस थरथरू लागतो.

दारूची माहिती लपवणं

लाजेपोटी होणारी ही चूक जिवावर बेतू शकते. रोज सांजेला फेणी घेणारे आजोबा खुबा मोडून भरती झाले की दारू आपोआप बंद होते. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच कापरं, घाम आणि जोराची नाडी सुरू होऊ शकते, आणि साधारण ४८ ते ९६ तासांत भासांसकट डिलिरियम येतो. इतर डिलिरियममध्ये गुंगीची इंजेक्शनं बहुधा त्रास वाढवतात, इथे मात्र त्याच गटातलं औषध आणि थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) हा उपचार आहे. म्हणून रोज किती आणि शेवटची कधी, हे भरतीच्याच वेळी डॉक्टरांना एकट्यात सांगा.

बांधणं आणि झोपवणं

हात खाटेला बांधले की रुग्ण अधिकच झटापट करतो. कठडे वर केले तर तो त्यावरून चढून आणखी उंचावरून पडतो. खाट सर्वांत खाली आणा, जवळ ओळखीचं एक माणूस बसवा, अनावश्यक नळी, विशेषतः लघवीची नळी (कॅथेटर), कधी काढणार हे विचारा. रुग्णाला शांत करणारं हॅलोपेरिडॉल हे औषध लागलंच तर वृद्धांना अगदी कमी मात्रेत देतात. पार्किन्सन असेल तर ते टाळायचं असतं, म्हणून तो आजार आधीच सांगून ठेवा.

भासांवर वाद घालू नका. 'इथे कुणी नाही, मी इथेच आहे, आपण बांबोळीच्या इस्पितळात आहोत' एवढं हळू, छोट्या वाक्यांत, त्यांच्या बोलीत सांगा. आठ पाहुण्यांनी एकदम गराडा घातला की लक्ष आणखी फाटतं.

दिवसा पडदे उघडे, डॉक्टरांची परवानगी असेल तर तीन वेळा खाटेवरून उठवून बसवणं, कवळी लावून जेवण, तासातासाला पाण्याचे घोट, रात्री दिवा मंद. हे किरकोळ वाटतं, पण अशाच साध्या उपायांनी येल विद्यापीठाच्या १९९९च्या अभ्यासात डिलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून सुमारे १० टक्क्यांवर आलं होतं. सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांचा तो अभ्यास होता.

घरी जाताना

मूळ आजार बरा झाला तरी गोंधळ काही आठवडे, कधी महिनेही रेंगाळतो. या काळात डिमेन्शियाचा शिक्का मारू देऊ नका. स्मरणशक्तीची तपासणी पूर्ण सावरल्यावर करा. डिस्चार्ज कार्डावर 'डिलिरियम झाला होता' असं लिहून घ्या, पुढच्या भरतीला ते पहिलं दाखवायचं. आणि इस्पितळात शांत करण्यासाठी सुरू केलेली हॅलोपेरिडॉल किंवा क्वेटियापिनची गोळी कोणत्या तारखेला बंद करायची, ती तारीख त्याच कार्डावर मागून घ्या. नाहीतर ती गोळी घरी वर्षभर चालू राहते.