उन्हाळ्याच्या सुट्टीची आठवणवही करताय? या चुका टाळा

मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ अंशांवर गेला की सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत मुलं घरातच. मामाकडची, आत्याकडची भावंडं जमलेली असतात आणि पत्ते, कॅरम खेळून दुपार काही संपत नाही. अशा दुपारी सगळ्यांनी मिळून करण्यासारखं एक छान काम म्हणजे घराची आठवणवही. जाड कागदाची वही, तीस-चाळीस फोटो, थोडी तिकिटं आणि घरच्यांच्या हातचं लिखाण, एवढंच लागतं. मात्र घाईत केलेली वही दोन पावसाळ्यांनंतर उघडली की पानं फुगलेली, फोटो एकमेकांना चिकटलेले, आणि कोपऱ्यातला तो टोपीवाला मुलगा कोणाचा हे कोणालाच सांगता येत नाही.

फोटो लावले, पण लिहिलं काहीच नाही

सगळ्यात मोठी चूक हीच. बाकीच्या चुकांना उपाय निघतो, हिला निघेलच असं नाही. सुट्टीत वाटतं की हे काय लिहायचं, आपल्याला माहीतच आहे. पण 'मामी' म्हणजे कोणाची मामी? 'बंटी' तर प्रत्येक घरात एक असतो. म्हणून प्रत्येक फोटोखाली पूर्ण नाव, नातं, जागा आणि वर्ष लिहा. नुसतं 'मे महिना' लिहून भागत नाही. 'सिद्धेश्वर तलाव, मे २०२५, डावीकडून अमुक, तमुक, मागे मोठी आत्या' असं लिहिलं तर वीस वर्षांनी घरात आलेल्या सुनेलाही कळेल.

त्याखाली दोन ओळी प्रसंगाच्या हव्यात. 'खूप मजा आली' हे वाक्य प्रत्येक पानावर येतं आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी घडलेलं लिहा. रात्री लाईट गेली म्हणून सगळे गच्चीवर झोपायला गेले, पहाटे कोणाला थंडी वाजली आणि एका चादरीसाठी तिघांची ओढाओढ झाली. भुईकोट किल्ल्यात धाकट्याने कोणता प्रश्न विचारला. आज्जीने शेंगाची चटणी कुटताना किती लसूण घातला आणि मिक्सर का लावू दिला नाही. हे तपशील फोटोत येत नाहीत.

बोलणं जसं झालं तसंच लिहा. सोलापुरात एकाच घरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सर्रास ऐकू येते. आज्जी नातवाला कन्नडमध्ये रागावली असेल तर ते वाक्य कन्नडमध्येच, देवनागरीत लिहून ठेवा. शुद्ध मराठीत उतरवलं की आज्जीचा आवाज जातो.

आणि लिहिण्याचं काम अक्षर चांगलं असलेल्या एकट्या ताईवर सोपवू नका. प्रत्येकाने आपापल्या हाताने लिहावं. सहा वर्षांच्या पोराचं वाकडंतिकडं 'मामा' आणि आजोबांची थरथरती सही यांची किंमत सुरेख अक्षरापेक्षा कितीतरी जास्त आहे. शुद्धलेखन तपासत बसू नका, खाडाखोडही राहू द्या.

लिहायचं ते वहीच्या पानावर. चकचकीत फोटोवर जेल पेन नीट वाळत नाही आणि हात लागला की पसरतं. फोटोच्या मागे लिहायचंच तर मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेन दाबून चालवलं तर त्याच्या रेघा पुढच्या बाजूला उमटतात.

चिकटवण्याची गडबड

वही बिघडते ती बहुतेक वेळा इथे. शाळेच्या प्रकल्पासाठी मिळणारी रंगीत पातळ पानांची स्क्रॅपबुक आणि बाटलीतला पांढरा डिंक ही जोडी सगळ्यांच्या हाताशी असते. त्या डिंकात पाणी असतं. पातळ कागद ते पितो, फुगतो आणि वाळताना सुरकुततो. ओलाव्याने रंगीत कागदाचा रंगही सुटतो. नवी पेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानात १५० ते २०० जीएसएमचा (हा आकडा जितका जास्त तितका कागद जाड) पांढरा ड्रॉइंग पेपर मागा. तो पाठपोट वापरता येतो, डिंकाने वाकत नाही आणि त्यावर लिहिलेलं पलीकडे उमटत नाही.

सेलोटेप तर नकोच. काही वर्षांत ती पिवळी पडते, निघून येते आणि जाताना फोटोवर तपकिरी डाग ठेवून जाते. आपल्याकडच्या उन्हात हे आणखी लवकर होतं, कारण टेपचा गोंद उष्णतेने मऊ होऊन कडेने पाझरतो आणि समोरच्या पानाला धरतो. स्वस्त डबल टेपचंही तेच. घरी शिजवलेली मैद्याची खळ स्वस्त आणि सोयीची वाटते, पण मैदा म्हणजे कसर आणि झुरळांचं खाणं. सुताला खळ देण्याची रीत सोलापूरच्या माग चालवणाऱ्या घरांना चांगली ठाऊक आहे. ती सुतालाच राहू द्या.

यावर उत्तम उपाय म्हणजे कागदी कोपरे. यात फोटोला डिंकाचा स्पर्शच होत नाही आणि हवा तेव्हा फोटो काढून त्याची प्रत करता येते. एक इंच रुंद आणि दोन इंच लांब कागदाची पट्टी घ्या. ती आडवी धरून वरची दोन्ही टोकं खालच्या कडेच्या मध्यावर दुमडा. त्रिकोणी खिसा तयार होईल. घडीची बाजू खाली करून तिला डिंकाचा अगदी पातळ हात द्या. चारही कोपरे आधी फोटोला घाला आणि मग फोटोसकट पानावर दाबा. एका फोटोला चार कोपरे. आठ-नऊ वर्षांची मुलं हे काम मन लावून करतात. कोपरे करायचा कंटाळा असेल तर निदान ग्लू स्टिक वापरा, तिच्यात पाणी बरंच कमी असतं.

प्लास्टिकचा पडदा उचलून चिकट पानावर फोटो ठेवायचे अल्बम अनेक घरांत आहेत. सोपे वाटतात, पण त्यांचा गोंद कालांतराने पिवळा पडतो आणि फोटो असे धरतो की काढताना फाटतात. नव्या आठवणींसाठी ते नको.

तिकिटं कोरी होतात

एसटीच्या मशीनमधून निघणारं तिकीट, हॉटेलचं बिल, एटीएमची चिठ्ठी, हा सगळा उष्णतेने छपाई होणारा कागद असतो. त्यात शाई नसते. ऊन, उष्णता, प्लास्टिक आणि डिंक लागला की अक्षरं उडतात आणि वहीत उरतो कोरा कपटा. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरचं तिकीट जपायचं असेल तर घरी आल्या दिवशीच त्याची साधी झेरॉक्स काढा. वहीत झेरॉक्स लावा आणि मूळ तिकीट कागदी पाकिटात घालून मागच्या पानाला जोडा. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे आणि त्यांना शून्य रुपयांचं तिकीट मिळतं. आजोबांचं ते तिकीट जरूर ठेवा, शेजारी नातवाचं अर्धं तिकीट लावा. हुतात्मा एक्सप्रेसचं खिडकीवर काढलेलं आरक्षणाचं तिकीट मात्र शाईच्या रिबनने छापलेलं असतं, ते पुष्कळ टिकतं.

तिकिटाला लॅमिनेशन करू नका. गरम रोलरमधून गेलं की असं तिकीट तिथल्या तिथे काळं पडतं. फोटोलाही लॅमिनेशन नको, एकदा केलं की ते परत काढता येत नाही.

फोटो निवडताना

चारशे फोटोंपैकी दीडशे छापून आणले की पहिल्या दहा पानांनंतर सगळे दमतात आणि वही अर्धी राहते. एका पानावर दोन, फार तर तीन फोटो पुरेत. निवडताना फक्त सहलीचे घेऊ नका. देवळासमोर रांगेत उभं राहून काढलेले फोटो सगळ्या घरांत सारखेच असतात. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आणि त्यांची राखण करणारी मुलं, लोणच्यासाठी कैऱ्या फोडणारे काका, दुपारी जमिनीवर ओळीने झोपलेली भावंडं, माठाला ओलं फडकं गुंडाळणारी आज्जी, हे तुमच्या घराचे फोटो. जो नेहमी फोटो काढतो तो वहीत कुठेच नसतो, तेही बघा. बहुतेक घरांत ती आई असते.

छपाईबद्दल थोडं. या फोनवरून त्या फोनवर फिरून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो आकाराने बारीक झालेले असतात. ४ बाय ६ इंचाची छपाई स्वच्छ यायला साधारण १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. त्यामुळे छोटा फोटो ठीक येतो, मोठा करायला गेलात की चेहरे फुटतात. मामाच्या फोनमधला फोटो हवा असेल तर त्याला 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं सांगा. छपाई स्टुडिओच्या लॅबमधून करून घ्या. घरच्या इंकजेटवर काढलेला फोटो पाण्याचा एक थेंब पडला तरी पसरू शकतो आणि उन्हात लवकर विटतो.

फुलं, चिंचोके आणि फुगलेली वही

गुलमोहर, बहावा मे महिन्यात फुललेले असतात आणि मुलं ओंजळ भरून आणतात. ताजं फूल थेट वहीत ठेवलं तर त्याचा ओलावा कागदात उतरतो, डाग पडतो आणि बुरशी धरते. रद्दीच्या घड्यांत ठेवून वर जड वजन द्या, रद्दी दर दोन दिवसांनी बदला. आपल्या कोरड्या हवेत आठ-दहा दिवसांत पाकळ्या कडकडीत वाळतात. मगच लावा, आणि त्या पानाच्या समोरच्या पानावर फोटो नको.

कुरडईचा तुकडा, पापड, गोळीचा चिकट कागद असं खाण्याचं काहीही वहीत नको. मुंग्या वाट शोधतातच. चिंचोके, शिंपले, कवड्या यांच्यासाठी वेगळी डबी करा.

शिवलेल्या वहीत वीस पानांवर फोटो लावले की कणा तेवढाच राहतो आणि तोंड पंख्यासारखं उघडतं. म्हणून दर दोन पानांनंतर एक पान कापून काढा, कण्याकडे बोटभर पट्टी ठेवून. त्या पट्ट्या फोटोंची जाडी भरून काढतात. रिंगची फाईल घेतली तर हा प्रश्नच येत नाही, शिवाय पुढच्या वर्षी पानं वाढवता येतात.

मुखपृष्ठाला जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा फार शोभतो. पण तो थेट पुठ्ठ्यावर चिकटवला तर कडा उसवतात आणि जाड विणीतून डिंक वर येतो. कडा दुमडून शिवा आणि उशीच्या अभ्र्यासारखी खोळ करा. आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. रंग जात असेल तर तो तुकडा बाद.

ठेवायचं कुठे

माळ्यावर नाही. स्लॅब किंवा पत्र्याखालचा माळा मे महिन्यात भट्टीसारखा तापतो. तिजोरीच्या किंवा कपाटाच्या मधल्या कप्प्यात, आडवी ठेवा. जुन्या सुती साडीचा खळ नसलेला, धुतलेला तुकडा गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल अडकते. डांबराच्या गोळ्या वहीजवळ नको. सोलापुरात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, म्हणून दसऱ्याच्या साफसफाईत वही बाहेर काढून सावलीत, पंख्याखाली पानं मोकळी करा. थेट उन्हात घालू नका.

बिघडलेलंच असेल तर

पान सुरकुतलं असेल तर दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून दोन-तीन दिवस वजनाखाली ठेवा. बऱ्यापैकी सपाट होतं.

जुन्या चिकट अल्बममधला फोटो काढायचा असेल तर आधी मोबाईलने त्याचा चांगला फोटो घ्या, मग हात लावा. नखाने उचकटू नका. दात साफ करायचा मेण नसलेला दोरा फोटोच्या मागून घालून हळूहळू करवतीसारखा पुढे-मागे सरकवा. मध्येच अडला तर थांबा आणि दुसऱ्या कोपऱ्यातून सुरू करा.

दोन फोटो एकमेकांना चिकटले असतील आणि ते लॅबमध्ये छापलेले असतील तर साध्या थंड पाण्यात अर्धा तास भिजवून बघता येतं. सुटले की चित्र वर करून सुती कापडावर वाळवा. इंकजेटचा फोटो पाण्यात घालूच नका. घरात ती एकच प्रत असेल तर हा प्रयोग घरी न करता जुने फोटो दुरुस्त करणाऱ्या स्टुडिओत न्या.

नावं राहून गेली असतील तर वडीलधाऱ्यांसोबत बसा. दुपारची झोप आणि चहा झाल्यावर, एका वेळी एकच फोटो त्यांच्या हातात द्या, फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा आणि मध्ये बोलू नका. एका नावावरून दुसरी गोष्ट निघते, ती निघू द्या. नंतर ऐकून लिहा आणि कोणी सांगितलं तेही लिहा. ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव टाकू नका, जागा मोकळी सोडून प्रश्नचिन्ह घाला. पुढच्या लग्नाला किंवा बारशाला जाताना वही पिशवीत घ्या. तिथे जमलेल्या आत्या-मावश्यांपैकी कोणीतरी त्या टोपीवाल्या मुलाला नक्की ओळखेल.