वीरगळावरचं दगडफूल: काढावं की ठेवावं, आणि काढायचंच तर कसं

गावाच्या वेशीवर, देवळाच्या मागे, गडाच्या पायथ्याला पडलेले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव शिळा, शोधून ते स्वच्छ करण्याच्या मोहिमा आता राज्यभर होतात. त्यांतून गावाचा विसरलेला इतिहास पुन्हा उजेडात येतो, हे फार मोलाचं काम आहे. पण मोहिमेच्या सामानात तारेचा ब्रश आणि बाथरूम धुवायचं ॲसिड असेल, तर त्या दिवशी वीरगळाला हात न लावलेलाच बरा. दगडावरचे राखाडी, पांढरट, पोपटी, नारिंगी ठिपके म्हणजे मळ नव्हे. ते दगडफूल आहे, शाळेच्या पुस्तकातलं शैवाक: बुरशी आणि शैवाल यांनी मिळून बनवलेला एक सजीव. त्याने दगडाला कसं धरलंय हे न बघता ओढलं, तर त्याच्यासोबत कोरीवकामही निघून येतं.

दगडात काय चाललेलं असतं

दगडफुलातलं शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि बुरशी घर बांधते. या घराचा पाया म्हणजे बुरशीचे केसाहून बारीक तंतू. खनिजांच्या कणांमध्ये जिथे फट मिळेल तिथे ते शिरतात. ताज्या, घट्ट बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, ते फार खोल जात नाहीत. मऊ चुनखडीत किंवा झिजलेल्या दगडात मात्र काही मिलिमीटर आत पोहोचतात.

पावसात दगडफूल आपल्या कोरड्या वजनाच्या दीडपट-दुपटीहून जास्त पाणी पिऊन फुगतं आणि ऊन पडलं की आकसतं. दरवर्षी असं असंख्य वेळा होतं. प्रत्येक वेळी कडेचे कण थोडेथोडे सैल होतात. दुसरीकडे रसायनांचं कामही चालू असतं. बुरशी ऑक्झॅलिक आम्ल सोडते, ते बेसाल्टमधल्या फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन या खनिजांमधलं कॅल्शियम ओढून घेतं आणि कॅल्शियम ऑक्झॅलेटचे बारीक स्फटिक तयार होतात. दगडफुलाचा तुकडा आपोआप गळून पडला की खाली जी पांढरी भुकटी दिसते, तिच्यात बऱ्याचदा हेच असतं. खालचा दगड त्या जागी सच्छिद्र झालेला असतो आणि दगडफुलाचे तंतूच त्याला सावरून धरतात. म्हणूनच कोरडं दगडफूल खरवडलं की सैल झालेला थरही त्याच्याबरोबर निघतो.

दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. दगडफुलाचं आवरण पावसाच्या थेट माऱ्यापासून आणि तापमानाच्या झटक्यांपासून दगडाला थोडंफार वाचवतं. दोन्हींपैकी काय जास्त होतंय, हे दगडाच्या आणि दगडफुलाच्या जातीनुसार ठरतं. त्यामुळे आमचा कल स्पष्ट आहे: शंका असेल तर ठेवा.

आधी ओळख पटवा

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, जवाहिऱ्यांचं चालतं. भिंग डोळ्याला लावा आणि डोकं दगडाजवळ न्या, उलट करू नका. मग त्या डागावर स्वच्छ पाण्याचे दोन-तीन थेंब सोडा आणि मिनिटभर थांबा. राखाडी भाग हिरवट झाला तर ते जिवंत दगडफूल आहे. ओल्या वरच्या थरातून आतलं शैवाल दिसू लागतं. काळपट भाग फुगून जेलीसारखा झाला तर त्यात नीलहरित जीवाणू, म्हणजे शैवालासारखेच प्रकाशावर अन्न बनवणारे सूक्ष्मजीव, आहेत. काहीच बदललं नाही तर ते मेलेलं दगडफूल, जुना चुना किंवा क्षारांचा थर असू शकतो. पाणी वाहून जातं त्या रेषेत उतरलेले काळे पट्टे बहुतेकदा दगडफूल नसून नीलहरित जीवाणूंचा पातळ थर असतो.

पुढे रचना बघा. कडा उचललेल्या, पानासारखा पसरलेला असेल तर तो पानासारखा प्रकार; तो खालच्या बारीक मुळांसारख्या धाग्यांनी धरलेला असतो आणि भिजल्यावर सुटा होऊ शकतो. मसाल्यातलं दगडफूल याच प्रकारचं, पण ते बहुतेक झाडांच्या सालींवरून गोळा केलेलं असतं. वीरगळावरचं दगडफूल स्वयंपाकात घेऊ नका. दगडावर रंग फासल्यासारखं दिसतं, कडा नखाने उचलतच नाही, तो चिकट प्रकार, म्हणजे क्रस्टोज. त्याचा खालचा थर थेट दगडातच असतो, त्यामुळे तो दगडाला न दुखवता काढता येत नाही. वीरगळांवर जास्त पसारा याचाच असतो.

रंगही बोलतो. माथ्यावर नारिंगी ठिपके दाट असतील तर तिथे पक्षी बसत असण्याची शक्यता मोठी, कारण विष्ठेतलं नत्र या दगडफुलांना मानवतं. चुन्याची किंवा सिमेंटची जोड असलेल्या जागीही ती लवकर येतात.

दगडाची तपासणी

सह्याद्री आणि देशावरचे बहुतेक वीरगळ बेसाल्टचे आहेत. कोकणात जांभ्याचे, विदर्भात वालुकाश्माचेही सापडतात. बेसाल्टमध्ये पोकळ्या असतात आणि त्यांत बऱ्याचदा झिओलाइट किंवा कॅल्साइट ही पांढरट खनिजं भरलेली असतात. ॲसिड टाकलं की कॅल्साइट आधी विरघळतं, वीरगळावर खड्डे पडतात आणि दगडातलं लोह सुटून पिवळे-तांबडे डाग उमटतात. ब्लीच टाकल्यास मीठ छिद्रांत राहतं, पुढे त्याचे स्फटिक वाढतात आणि पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. जांभ्याला आणि वालुकाश्माला तर पाण्याचा प्रेशर जेटही घातक आहे.

वीरगळ कशाचा आहे ते ठरलं की त्याची प्रकृती बघा. बोटाच्या टोकाने हळू टकटक करा. पोकळ आवाज आला तर आत थर सुटलेला आहे. साध्या चिकटपट्टीचा एक तुकडा कोऱ्या, बिनकोरीव भागावर दाबून हळूच उचला. पट्टीवर दगडाचे कण आले तर काम तिथेच थांबवा. पोकळ आवाजाच्या आणि कण सुटणाऱ्या दगडावर साफसफाई करू नका. त्याला आधी तज्ज्ञाकडून मजबुतीकरण लागेल.

परवानगी आणि नोंद

वीरगळ केंद्रीय संरक्षित स्मारकात असेल तर प्राचीन स्मारकांचा १९५८ चा केंद्रीय कायदा लागू होतो, राज्य संरक्षित असेल तर महाराष्ट्राचा १९६० चा. दोन्हींत लेखी परवानगीशिवाय काही करायचं नाही. असंरक्षित असेल तर ग्रामपंचायत आणि देवस्थान यांना विचारा. शेंदूर लावलेला वीरगळ पूजेत असतो. शेंदूर खरवडणं हा श्रद्धेचा प्रश्न आहेच, शिवाय त्यात शिशाचं विषारी संयुग असू शकतं. त्याला हात लावू नका.

मग फोटो. मोजपट्टी आणि रंगपट्टी सोबत ठेवून समोरून एक. नंतर संध्याकाळी किंवा अंधारात टॉर्च दगडाच्या अगदी जवळून, पृष्ठभागाशी १० ते २० अंशांत धरून चारही बाजूंनी फोटो घ्या. बऱ्याच वेळा इथेच काम संपतं, कारण दगडफुलाखाली गेलेली अक्षरं, तलवारीची धार, गाईंची शिंगं तिरक्या प्रकाशात सावलीमुळे स्पष्ट उठून दिसतात आणि मग साफसफाईची गरजच उरत नाही. बोरिवलीच्या एकसरच्या वीरगळांवर नौका आणि वल्हीसुद्धा कोरलेली आहेत. इतक्या बारीक उठावावर एक मिलिमीटरही महत्त्वाचा असतो. अक्षरं वाचायला खडू घासू नका. त्याची भुकटी छिद्रांत बसते.

काढायचंच असेल तर

पानासारखा प्रकार, घट्ट बेसाल्ट, परवानगी, नोंद, सगळं जुळलं, तरच पुढचं. पावसाळा संपताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सकाळी किंवा ढगाळ हवेत काम करा. एप्रिल-मेच्या दुपारी दगड तापलेला असतो. त्यावर थंड पाणी ओतल्यास पृष्ठभागाला बारीक तडे जाऊ शकतात, आणि पाणी झिरपायच्या आत उडूनही जातं.

सामान थोडंच लागतं: साठवलेलं पावसाचं पाणी, हातपंपाचा स्प्रे, रंगकामाचे मऊ ब्रश, मऊ टूथब्रश, बांबूच्या गुळगुळीत केलेल्या पट्ट्या, स्पंज, जुनी सुती चादर आणि प्लास्टिकचा कागद. बोअरचं जड पाणी वाळल्यावर पांढरा थर सोडतं, म्हणून ते टाळा. साबण, डिटर्जंट, व्हिनेगर, काही नको.

मागच्या किंवा बाजूच्या कोऱ्या भागावर पाच बाय पाच सेंटीमीटरची चाचणी पट्टी करा. ती वाळू द्या, महिनाभर थांबा आणि रंग, कण, तडे बघा. सगळं ठीक असेल तर पुढे जा. वीरगळ खालून वर भिजवा. वरून सुरू केलं की कोरड्या दगडावर ओघळांचे डाग राहतात. ओली चादर टेकवून वरून प्लास्टिक लावा आणि ३० ते ४५ मिनिटं ठेवा. दगडफूल मऊ, लवचिक झालं की बांबूची पट्टी कडेखाली आडवी सरकवून उचला. टोकाने टोचायचं नाही. जिथे विरोध होतो तिथे थांबा आणि तो तुकडा तसाच सोडा. चिकट प्रकाराला हात लावायचाच नाही.

इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे घासणं. अनेक दगडफुलांच्या पृष्ठभागावर सोरेडिया नावाचे भुकटीसारखे कण असतात. प्रत्येकात शैवालाच्या पेशी आणि बुरशीचे धागे दोन्ही असतात, आणि जिथे पडतील तिथे नवं दगडफूल उगवू शकतं. ओल्या ब्रशने जोरात घासलं की हे कण सगळ्या दगडावर पसरतात. म्हणून तुकडे उचला, ओल्या स्पंजने टिपून घ्या, स्पंज वेगळ्या बादलीत धुवा आणि ते पाणी वीरगळापासून लांब ओता. शेवटी स्प्रेने हलकं धुवा. उघडा पडलेला दगड आजूबाजूपेक्षा फिकट दिसेल, तसं राहू द्या. एकसारखा रंग यावा म्हणून पुढे घासत गेलात तर सगळा पृष्ठभाग झिजतो.

पुन्हा का येतं

कारण न बदलता काढलेलं दगडफूल परत येतं. कौलावरून किंवा फांदीवरून पाणी थेट ठिबकतंय का, पाया मातीत रुतलाय का, ते बघा. पन्हळ वळवा, पायाशी पाणी साचू नये म्हणून उतार द्या. सिमेंटचा ओटा मात्र बांधू नका. त्यातले क्षार ओलाव्याबरोबर वीरगळात चढतात. सावलीचं झाड तोडायची घाई नको. ऊन वाढलं की उन्हात रमणाऱ्या दुसऱ्या जाती येतात.

वाढ खरंच होतेय का हे पारदर्शक प्लास्टिकवर ठरावीक ठिपक्याची कडा रेखून तारीख टाकून बघा आणि दरवर्षी त्याच महिन्यात तुलना करा. चिकट प्रकार वर्षाला बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही कमी वाढतो, त्यामुळे दोन-तीन वर्षांत फरक न दिसणं साहजिक आहे. दगडफुलाच्या आकारावरून वय काढायची पद्धत रोलंड बेशेल यांनी १९५० मध्ये आल्प्समध्ये मांडली. पण तिथला वाढीचा वेग सह्याद्रीला लावून वीरगळाचं वय ठरवू नका. हवामान आणि जात बदलली की तो आकडा निरुपयोगी होतो.

जात ओळखायची असेल तर नमुना कोरीव दगडावरून घेऊ नका. शेजारच्या त्याच प्रकारच्या साध्या दगडावरून, पडलेल्या चिपेसकट, नखाएवढा तुकडा घ्या. वर्तमानपत्राच्या कागदी पुडीत बांधा, प्लास्टिकमध्ये नको, बुरशी धरते. पुडीवर ठिकाण, दगडाचा प्रकार, उंची, दिशा आणि तारीख पेन्सिलने लिहा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत शैवाकांचा मोठा संग्रह आहे. चौकशी तिथे करता येईल, पण आधी पत्र लिहून परवानगी घ्या आणि सोबत तिरक्या प्रकाशातले फोटो जोडा.