जांभा चिरा पारखून घ्या
रत्नागिरीत आमचं घर बांधताना मी जांभ्याचा, म्हणजे कोकणातल्या तांबड्या सच्छिद्र दगडाचा, प्रत्येक चिरा (तासलेला ठोकळा) हातोडीने वाजवून घेतला. खणखणीत वाजला तर ठेवायचा, बद्द आवाज आला तर परत. भोकांत पांढरट माती भरलेली दिसली तर तो चिरा नकोच. पावसात ती माती धुपते आणि भिंत पाझरायला लागते.

खाणीतून ताजा निघालेला जांभा मऊ असतो, तेव्हाच तासून घ्या. हवा लागली की तो कडक होत जातो. शक्य असेल तर एक पावसाळा उघड्यावर ठेवा. कच्चे चिरे तिथेच उघडे पडतात.

पायापासून जोत्यापर्यंत काळा दगडच वापरा. चिरा लावण्याआधी भिजवा, नाहीतर तो जोडणीच्या मसाल्यातलं पाणी शोषून घेतो. छपराच्या पागोळ्या मात्र भिंतीपासून लांब पडू द्या.