टीमचं खरंच जमतंय का, मोजायचं कसं?

"आमच्यात काय मस्त जमतं" असं टीम लीडच सांगत असेल तर त्यावर जाऊ नका, सगळ्यांना विचारा आणि तेही नाव न घेता. हार्वर्डच्या प्राध्यापिका एमी एडमंडसन यांची १९९९ ची ७ वाक्यांची प्रश्नावली आहे, टीममध्ये मोकळेपणाने बोलायला किती सुरक्षित वाटतं ते मोजणारी. प्रत्येक वाक्याला १ (अजिबात पटत नाही) ते ७ (पूर्ण पटतं) मार्क. त्यातली ३ उलटी असतात, म्हणजे 'इथे चूक झाली की ती मनात धरून ठेवतात' टाइप, तिथले मार्क ८ मधून वजा करायचे. मग नुसती सरासरी काढून मोकळे होऊ नका! दोघांनी ७ आणि दोघांनी १ दिला तरी सरासरी ४च, आणि चौघांनी ४ दिले तरी ४च, पण पहिल्या टीममध्ये सरळ दोन गट पडलेत ना. आणि हाताने लिहून घेऊ नका हां, अक्षरावरून लगेच कळतं, गूगल फॉर्म बरा, फक्त ईमेल गोळा करायचं सेटिंग बंद ठेवा.